आधी तू पी

"आधी तू पी," वहिनी म्हणाल्या.

बाईंच्या खोलीत तेव्हा सोसायटीतल्या दोघी जणी बसल्या होत्या, बाईंना बघायला आलेल्या. माझ्या हातात स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात चमचा. बाईंनी तोंड उघडून ठेवलं होतं. तहानलेल्या पेशंटचं तोंड कसं दिसतं ते मला पंधरा वर्षं नर्सिंग करून पाठ झालंय. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"काय म्हणालात, वहिनी?"

"एक चमचा आधी तू पी. आमच्यासमोर. मग आईंना दे."

आदल्या आठवड्यापर्यंत मी 'तुम्ही' होते. 'ताई, तुम्ही जेवलात का' असं विचारायच्या त्या. आता 'तू'. त्या दोघींपैकी एकीनं पर्स मांडीवर ओढून घेतली आणि उगाच तिची चेन उघडबंद करत बसली.

मी प्याले. घट्ट, बेचव पाणी, कपड्याच्या खळीसारखं. वहिनी माझ्या गळ्याकडे बघत होत्या, गिळते की नाही ते. मग म्हणाल्या, "तोंड उघड."

मी तोंड उघडलं. बेचाळीस वर्षांची बाई मी, लहान पोरानं औषध गिळलं की नाही ते दाखवावं तसं तोंड उघडून दाखवलं. हे सांगताना आत्तासुद्धा माझे कान तापतात. त्यांच्यावर नाही एवढी मी माझ्यावर चिडलेय.

आता नीट पहिल्यापासून सांगते. टीव्हीवर जे चालवलं ते तुमच्यातल्या काहींनी बघितलं असेल. त्यात दिसते ती मीच आहे. पण जे म्हणाले ते मी केलेलं नाही, आणि जे मी केलं ते कुणी विचारलं नाही.

मी नावड्याला राहते, आईबरोबर. नवऱ्याचं विचारू नका, तो विषय संपलाय. मूळ आम्ही नगर जिल्ह्यातले. माझ्या आजोबांनी येशूला मानलं. आडनाव गावचंच राहिलं, भाकरी तीच राहिली, भांडणंसुद्धा त्याच भाषेत राहिली. काळ्या मण्यांत एक बारीक क्रूस, एवढाच काय तो फरक.

घरोघरी नर्स पाठवणाऱ्या ब्यूरोतून मला खारघरची ड्युटी लागली. अकरावा मजला, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. नावड्याहून पेंधरपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो. पेशंट म्हणजे शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या बाई. सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही म्हणायला लागले. घरात मुलगा आणि सून. मुलाला मी दादा म्हणायची, सुनेला वहिनी. दोघंही नोकरीवाले.

बाईंना पॅरालिसिस झाला होता, उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं, एक शब्द सोडून. 'हजर.' आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली, तोच तेवढा डोक्यात शिल्लक राहिला. चहा हवा असला तरी हजर, नको असला तरी हजर. पाठीला खाज आली, हजर. दादा ऑफिसातून आले, हजर. पहिल्या आठवड्यात मला कळेना. दुसऱ्या आठवड्यात सुरावरून कळायला लागलं, कुठला हजर कशाचा.

दुसरी अडचण गिळण्याची. साधं पाणी बाईंच्या घशात न थांबता फुप्फुसात उतरायचं. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली होती. पाण्यात कालवली की पाणी मधाइतकं घट्ट होतं. मग ते चमच्यानं द्यायचं, हनुवटी छातीला टेकवून, एक घोट पूर्ण खाली गेला की मगच दुसरा. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर सहीनिशी लिहून दिलं होतं आणि तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता. घरातल्या प्रत्येकानं तो वाचला होता. बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मी उजव्या कानाशी वाकून सांगायची, "हनुवटी खाली, बाई. आता गिळा." प्रत्येक चमच्याला हेच.

आणि पहिल्या चमच्याआधी मी डोळे मिटायची. क्षणभर. 'हे नीट जाऊ दे,' एवढंच मनात. इंजेक्शनच्या आधीही मिटते, रिक्षात बसल्यावरही मिटते. सवय आहे. कुणी घरातून निघताना देवाला हात जोडतं, तसंच.

बाईंना माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात अंग पुसताना, एरवी ड्रेसच्या आत असणारे माझे मणी त्यांच्या डाव्या हातावर आले. त्यांनी तो क्रूस बोटात धरला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "हजर." वर्गात नवीन आलेल्या मुलीचं नाव वहीत घ्यावं तसं. मी हसले. पुढे अंग पुसताना मी आमची गाणी गुणगुणायची, आणि त्या डाव्या हातानं चादरीवर ताल धरायच्या. आमची गाणी ओवीच्या चालीची. त्यांना चाल ओळखीची वाटत असणार.

घोटाळा झाला तो एका शब्दानं. मी पहिल्या दिवशी वहिनींना सांगितलं होतं, "रविवारी मला अकरा वाजता येऊ द्या. सकाळी उपासना असते." आमच्यात चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला उपासनाच म्हणतात. दुसरा शब्द मला येतच नाही. वहिनी खूश झाल्या. "अरे वा, कधीपासून करता?" मी म्हटलं, लहानपणापासून. पुढच्या रविवारी अकरा वाजता पोचले तर टेबलावर माझ्यासाठी झाकून ठेवलेली साबुदाण्याची खिचडी. "उपास असेल ना तुमचा. सूर्याची उपासना कडक असते म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं. सांगावं असंही वाटलं. पण त्या इतक्या मायेनं वाढत होत्या, आणि खिचडी गरम होती, आणि मला भूक लागली होती. मी खाल्ली. तिथं माझी चूक झाली. नंतर दर रविवारी खिचडी, आणि दर रविवारी सांगायचं राहून गेलं. मग इतकं राहून गेलं की सांगायची लाज वाटायला लागली.

मग ती मालिका सुरू झाली.

साडेसातची मालिका. वहिनी ऑफिसातून येऊन चहा घेऊन बाईंच्या खोलीत बसायच्या, तिथंच मोठा टीव्ही होता. मालिकेत एक श्रीमंत घर, त्यात आजारी म्हातारी आणि तिच्यासाठी ठेवलेली नर्स. नर्सच्या गळ्यात तळहाताएवढा क्रूस, दारावरच्या कुलपासारखा लोंबणारा. ती आली की मागे घंटा वाजायची. आणि बोलणं कसं, तर "तुमी प्रभूला बोला, तुमी एकदम ठीक होनार." आम्ही असं कधी बोलतो? माझ्या आईनं एकदा तोंड उघडलं तर त्या लेखकाला आपली मराठी तपासून घ्यावी लागेल. बाईसुद्धा ते ऐकून डावं बोट हलवायच्या, वर्गात पोराचं वाक्य चुकल्यावर हलवतात तसं. आम्ही दोघी त्यावर हसायचो.

पण मालिका पुढे गेली. ती नर्स आपण कोण ते घरात लपवते. पाण्यात पावडर कालवते. डोळे मिटून पुटपुटते आणि म्हातारीच्या कानात वाकून काहीतरी सांगते. दिवसेंदिवस म्हातारी घरच्यांना ओळखेनाशी होते, आणि नर्सला बघून हसते.

त्या दिवशी मी टीव्हीसमोरच बाईंना पाणी देत होते. डोळे मिटले, उघडले, कानाशी वाकले. वर बघितलं तर वहिनी टीव्हीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. चहाचा कप तसाच हातात.

"ताई, तुम्ही रविवारी नक्की कसली उपासना करता?"

मी सांगितलं. चर्च, कळंबोलीत, एवढे लोक, गाणी, वचन. सगळं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही लपवलंत." मी म्हटलं, "बाईंना माहीत आहे." ज्यांचं अंग मी पुसते त्यांना माहीत आहे, आणखी कुणाला सांगायचं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. पण मालिकेतल्या नर्सचंही नेमकं हेच होतं. तिचंही म्हातारीलाच माहीत होतं.

दोन दिवसांत पलंगासमोर कॅमेरा लागला. छोटा, पांढरा, गोल. वहिनी बेलापूरला ऑफिसात बसून मोबाईलवर बघायच्या. त्याला आवाज नव्हता. म्हणजे काय दिसायचं ते लक्षात घ्या. एक बाई पाण्यात पांढरी पावडर घालते. डोळे मिटते. ओठ हलतात. आजारी म्हातारीच्या कानात काहीतरी बोलते, पुन्हा पुन्हा. म्हातारी मान खाली घालते. 'हनुवटी खाली, बाई' हे काही दिसत नाही.

मग 'ताई'ची 'सिस्टर' झाले, 'तुम्ही'ची 'तू' झाले, आणि मग आलं ते, आधी तू पी.

अकरा दिवस मी प्याले. वहिनी घरात असल्या तर त्यांच्यासमोर, नसल्या तर कॅमेऱ्याकडे तोंड करून. प्रत्येक वाटीचा पहिला चमचा माझा. का प्याले? नोकरी हवी होती हे आहेच. पण न प्याले असते तर बाईंना पाणी मिळालं नसतं, आणि दुसरं कुणी ते नीट पाजलं नसतं, हेही आहे. मी वाकायची तेव्हा बाई माझ्याकडे बघायच्या. शहाण्या होत्या त्या, सगळं कळत होतं. एकदा मी पहिला चमचा तोंडात घातला तर त्यांनी मान भिंतीकडे फिरवली आणि किती तरी वेळ तोंडच उघडलं नाही.

आईला मी सांगितलं नव्हतं. अकराव्या दिवशी सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "आमी लहान हुतो तवा गावात पानी वरून वतायचे. वंजळीत. भांड्याला हात लावू द्येत नव्हते. लावला तर पानी बाटायचं." परत तांदूळ निवडायला लागली. एक खडा बाजूला टाकला नि म्हणाली, "आन आता तुला आधी प्यायला लावत्यात. तू पन पेतीस."

पेतीस. तो शब्द छातीत बसला माझ्या. आईला पाणी वरून ओतणाऱ्यांचा मी आयुष्यभर राग केला. आणि स्वतः अकरा दिवस रोज तोंड उघडून दाखवत होते, एका मालिकेपायी. ते आपल्याला जे समजतात, तेच आपण त्यांच्या हातून चमच्यानं पीत होतो. हे मला आईच्या एका शब्दानं कळलं, आणि कळल्यावर ते परत गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासना करून अकरा वाजता पोचले. खिचडी नव्हतीच, ती कधीच बंद झाली होती. दादा घरी होते, बाईंच्या खोलीत उभे. दादा तसे भले माणूस, कधी वर आवाज केला नव्हता. त्यांनी मोबाईल काढला आणि आडवा धरला.

"आज पावडर न घालता पाणी दे," ते म्हणाले. "साधं पाणी."

"दादा, साधं चालत नाही बाईंना. फ्रिजवर कागद आहे."

"पावडरीत काही नसेल तर न घालता द्यायला काय हरकत आहे?"

वहिनी म्हणाल्या, "आणि कानात काय सांगतेस ते मोठ्यानं सांग. इकडे, मोबाईलकडे बघून."

मी मोबाईलकडे बघितलं. "हनुवटी खाली, बाई. आता गिळा."

"हे नाही," वहिनी म्हणाल्या. "खरं सांग."

त्यांना खरं हवंच नव्हतं. त्यांना खरं आधीच माहीत होतं, रोज साडेसात वाजता दाखवत होते ते. मी फक्त तेवढा डायलॉग म्हणायचा होता.

मी वाटी स्टुलावर ठेवली. "साधं पाणी मी पाजणार नाही," मी म्हटलं. "आणि आजपासून आधी पिणारही नाही. माणसाला पाणी पाजायला मी येते, स्वतःची तपासणी करून घ्यायला नाही."

"मग निघ," वहिनी म्हणाल्या.

मी पर्स घेतली. बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हजर." इतका बारीक सूर मी कधी ऐकला नव्हता. त्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच मला कळलं नाही की कुठला हजर. आणि मागे वहिनी ग्लासात साधं पाणी ओतत होत्या.

दारातून मी परत वळले. "वहिनी, पावडर घाला. नाही घातली तर बाई जातील."

दादांचा मोबाईल अजून आडवाच होता.

तिसऱ्या दिवशी बाईंना हॉस्पिटलात हलवलं. फुप्फुसात पाणी, न्यूमोनिया. त्याच दिवशी क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि संध्याकाळी चॅनेलवर. मी आणि आईनं ती शेजाऱ्यांकडे बघितली, कारण त्यांनीच हाक मारली. आधी आवाज नसलेला कॅमेरा. वाटीभोवती लाल गोल. माझ्या मिटलेल्या डोळ्यांभोवती लाल गोल. शेजारी मालिकेतली ती नर्स, तिचेही डोळे मिटलेले. दोघींना एकाच चौकटीत बसवलं होतं आणि मागे तीच घंटा. मग माझा आवाज. पावडर घाला, हे नाही. नाही घातली तर, हेही नाही. नुसतं, "बाई जातील." तेवढंच, तीनदा. खाली पट्टी, नर्सची उघड धमकी. मग चार जण एकमेकांवर ओरडत बसले. त्यात एकही नर्स नव्हती. पावडर कसली, हे एकानंही विचारलं नाही.

शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला. चहा विचारला नाही. परत येताना आईनं माझा दंड धरला होता, मला तिला धरायचं असतं एरवी.

त्यानंतर बरंच काही झालं. आमच्या दारावर कुणीतरी खडूनं फुली मारली. कळंबोलीच्या चर्चमध्ये पाळकांनी खिडक्या लावून उपासना घेतली, पेटी वाजवली नाही. बाहेर दोन मोटरसायकली उभ्या होत्या, कुणाच्या ते माहीत नाही, तासभर तशाच होत्या. पाळक मला म्हणाले, काही दिवस येऊ नका, लहान पोरं आहेत आपल्यात. मी त्यांना दोष देत नाही. पण मला राग आला, तो आला.

मग पोलीस ठाण्याची नोटीस आली. सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. हजर. मी तो शब्द दोनदा वाचला.

ब्यूरोच्या मॅडमनी बोलावलं. त्या मुसलमान, मूळच्या मोरा बंदराकडच्या, गेली कित्येक वर्षं मला ओळखतात. त्यांनी दार लावून घेतलं. "मी तुझ्या बाजूनं बोलले असते गं," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव बघ ना. मी बोलले तर तुला नि मला एकत्र चालवतील टीव्हीवर. तुझंच वाढेल." खरं होतं ते. त्यांनी टाईप केलेला एक कागद पुढे सरकवला. माझ्याकडून सेवेत चूक झाली, मी कोणतीही प्रार्थना केलेली नाही, कुटुंबाच्या भावना दुखावल्याबद्दल माफी मागते. "सही कर. ते तक्रार मागे घेतील. दादांनी तसं कळवलंय. दोन महिन्यांत लोक विसरतील."

"आणि बाईंना साधं पाणी कुणी दिलं?"

मॅडमनी कागदावरचं पेन उचलून परत ठेवलं. मग म्हणाल्या, "फ्रिजवरचा तो कागद आता नाहीये. मी हिशोबाच्या निमित्तानं गेले होते तेव्हा बघितलं. नुसतं चुंबक आहे."

मी तो माफीनामा घेऊन आले. सही न करता. घरी टेबलावर ठेवलाय, आई त्यावर चष्मा ठेवते.

बाई अजून हॉस्पिटलात आहेत. घशात नळी आहे. कुणीतरी सांगितलं की आता तोंडातून आवाजच फुटत नाही. एकच शब्द होता, तोही गेला. मला भेटू देत नाहीत. त्या वाचतील की नाही मला माहीत नाही, आणि त्या गेल्या तर तेही माझ्यावरच येईल हे मला माहीत आहे. रिक्षावाला आता पेंधरला सोडताना आरशातून बघतो. भीती वाटते. नाही वाटत असं म्हणणार नाही मी.

पण सोमवारी मी जाणार आहे. वकील नाही, ब्यूरो नाही, पाळक नाहीत. आई येते म्हणाली, तिला बाहेरच्या बाकावर बसवेन. पावडरचा नवा डबा विकत घेतलाय, तो नेणार आहे. वाटी आणि चमचाही. त्यांच्यासमोर पाणी कालवून दाखवेन, मध किती घट्ट असतो ते. ज्या डॉक्टरांनी कागद दिला त्यांच्याकडे दुसरी प्रत असणार, ती मागवा म्हणून लेखी देणार. कॅमेऱ्यातलं त्या रविवारचं सगळं मागवा म्हणूनही देणार, मी गेल्यानंतरचंसुद्धा, ग्लास दिसेपर्यंत.

आणि ते विचारतील, प्रार्थना करत होतीस का. सगळे सांगतात, नाही म्हण, सुटशील. मी हो म्हणणार आहे. पावडर घातली, कानात बोलले, प्रार्थना केली. तिन्ही गोष्टी माझ्या कामातल्या होत्या. तिन्ही बाईंच्या घशातून पाणी नीट उतरावं म्हणून होत्या. यातलं एक जरी खोटं म्हटलं तरी मालिकेतली ती बाई खरी ठरते.

मी बाईंना कसलाही धर्म दिलेला नाही. उलट त्यांच्याकडून एक शब्द घेतलाय, हे मात्र कबूल करते. तिथे माझं नाव पुकारतील तेव्हा तोच वापरणार आहे. नंतर कुणी पाणी पुढे केलं तर तहान असली तरच पिईन. आधी तू पी म्हणाले, तर आधी ते लिहून द्या म्हणेन, कुणी म्हटलं आणि का म्हटलं, नावानिशी.